जुना प्रोग्रॅमेबल स्कॅनर: कागदपत्रांपासून पहिल्या आवाजापर्यंत

जानेवारीत सुरू केलेलं काम डिसेंबरमधे संपलं. आता सगळं हाताशी आहे तोवर लिहून काढते, कारण मी सुरुवात केली तेव्हा तुकड्यातुकड्यांत माहिती मिळत होती. कुणी फक्त दुरुस्तीबद्दल लिहिलेलं, कुणी फक्त फ्रिक्वेन्सीच्या याद्या दिलेल्या, आणि परवानगीचं काय करायचं याबद्दल तर सगळेच गप्प. ज्यांना असा एखादा जुना स्कॅनर घ्यायचाय पण कुठून सुरू करावं तेच कळत नाहीये त्यांच्यासाठी हे आहे.

आधी थोडक्यात, स्कॅनर म्हणजे काय. हा फक्त ऐकणारा रेडिओ, यातून बोलता येत नाही. आपण ठरवून दिलेल्या फ्रिक्वेन्सी तो एकामागून एक भराभर तपासत जातो, कुठे कुणी बोलत असेल तर थांबतो, बोलणं संपलं की पुढे निघतो. सुरुवातीच्या स्कॅनरमधे प्रत्येक फ्रिक्वेन्सीसाठी वेगळा क्रिस्टल विकत घेऊन आत बसवावा लागायचा, म्हणजे आठ ठिकाणं ऐकायची तर आठ क्रिस्टल. १९७० च्या दशकाच्या मध्यात सिंथेसायझरवाले, म्हणजे वेगळे क्रिस्टल न घालता हवी ती फ्रिक्वेन्सी स्वतःच तयार करणारे स्कॅनर आले. त्यातला बेअरकॅट १०१ तर असा होता की कीपॅड नाही, सोबतच्या पुस्तिकेत फ्रिक्वेन्सी शोधायची, तिच्यासमोरचा कोड बघायचा आणि तो बारीक बारीक स्विच वर-खाली करून मशीनला द्यायचा. त्यानंतर कीपॅड आला आणि नंबर दाबून फ्रिक्वेन्सी टाकता यायला लागली. मला हवा होता तो या कीपॅडच्या पिढीतला, कॉम्प्युटरला न जोडता येणारा, सगळं हाताने भरायला लावणारा.

बरंच वाचून रिअलिस्टिक प्रो-२००४ वर आले. अमेरिकेच्या रेडिओ शॅकने तो १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात विकायला काढला, बनवला होता जपानच्या जीआरईने. ३०० चॅनेल, ३०-३० च्या दहा बँका, म्हणजे दहा गट. रेंज २५ ते ५२० मेगाहर्ट्झ आणि पुन्हा ७६० ते १३०० मेगाहर्ट्झ, मधला वगळलेला भाग बहुतेक टीव्हीचा होता. मला सर्वात महत्त्वाचं वाटलं ते हे की कुठल्याही फ्रिक्वेन्सीला एएम, एनएफएम (अरुंद एफएम) किंवा डब्ल्यूएफएम (रुंद एफएम) यातला कुठलाही मोड लावता येतो. त्या काळच्या बऱ्याच सेटमधे मोड मशीनच ठरवायचं. आणि आतली रचना अशी की पहिली इंटरमीजिएट फ्रिक्वेन्सी (येणारा सिग्नल सेट आधी ज्या ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर आणतो ती) ६१० मेगाहर्ट्झच्या आसपास ठेवलीय, त्यामुळे इमेजचा त्रास खूप कमी. इमेज म्हणजे काय तर साध्या स्कॅनरमधे जिथे ही फ्रिक्वेन्सी १०.७ मेगाहर्ट्झ असते तिथे बरोबर २१.४ मेगाहर्ट्झ लांबचं स्टेशन भलत्याच जागी ऐकू येतं आणि आपण तासभर शोधत बसतो की हे कोण आहे.

आता कागद. मला ज्यांनी या छंदाची ओळख करून दिली ते एक जुने हॅम ऑपरेटर, म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओवर बोलणारे, आहेत, मी त्यांना काकाच म्हणते. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "अगं, आधी कागद, मग रेडिओ." आणि हे त्यांनी सांगितलं नसतं तरी तुम्ही सगळ्यांनी तसंच करा असं मी म्हणेन. स्कॅनर बाळगणं आणि त्यावर काय ऐकणं चालतं हे देशागणिक पूर्ण वेगळं आहे. अमेरिकेत बाळगायला सहसा अडचण नाही, पण १९८६ च्या इलेक्ट्रॉनिक कम्युनिकेशन्स प्रायव्हसी ॲक्टने मोबाईलवरची संभाषणं ऐकायला बंदी घातली, आणि १९३४ च्या कम्युनिकेशन्स ॲक्टच्या कलम ७०५ मधे ऐकलेलं दुसऱ्याला सांगणं किंवा त्याचा फायदा उठवणं याबद्दलही निर्बंध आहेत. ब्रिटनमधे स्कॅनर विकत घेता येतो पण २००६ च्या वायरलेस टेलिग्राफी ॲक्टच्या कलम ४८ प्रमाणे तुमच्यासाठी नसलेला संदेश मुद्दाम ऐकणं हा गुन्हा. भारतात १९३३ च्या कायद्याने वायरलेस उपकरण नुसतं जवळ ठेवायलाही परवाना मागितला होता आणि आता २०२३ चा नवा टेलिकम्युनिकेशन्स ॲक्ट आलाय. त्यामुळे दुसऱ्या देशातल्या कुणीतरी "काही लागत नाही हो" असं लिहिलेलं वाचून पुढे जाऊ नका, आपल्या देशाचा आजचा नियम स्वतः बघा.

मी फेब्रुवारीत रेडिओ परवान्यांचं काम बघणाऱ्या खात्याला लेखी विचारलं. अर्जात काय काय मागितलं ते सांगते कारण मला हेच आधी माहीत असतं तर बरं झालं असतं: बनवणारी कंपनी आणि मॉडेल, सिरीयल नंबर, फ्रिक्वेन्सी रेंज, मोड, ट्रान्समिट पॉवर, अँटेनाचा प्रकार आणि उंची, कुठे ठेवणार तो पत्ता, आणि वापराचा हेतू. ट्रान्समिट पॉवरच्या रकान्यात रेघ न मारता "फक्त रिसीव्हर, ट्रान्समीटर नाही" असं पूर्ण वाक्य लिहा. हे काकांनी सांगितलं होतं आणि ते फार उपयोगी पडलं, कारण पुढे फाईल बघणाऱ्या माणसाने फोन करून पहिलं तेच विचारलं की यातून बोलता येतं का. सिरीयल नंबरची अडचण अशी की सेट अजून घेतलाच नव्हता. मग विकणाऱ्याकडून मागच्या लेबलचा फोटो मागवला आणि तो जोडला. सोबत मूळ मॅन्युअलमधलं तांत्रिक माहितीचं पान जोडलं. पोच घेतली, तिचा नंबर वहीत लिहिला.

मग वाट बघणं. मार्च गेला, एप्रिल गेला. या काळात खरंच वाटलं होतं की सोडून द्यावं, कारण तिकडे विकणारा विचारत होता घेताय की नाही आणि इकडे फाईल कुठे आहे ते कळत नव्हतं. मी दर पंधरवड्याला पोचेचा नंबर घालून एक छोटी, शांत ईमेल पाठवत राहिले. त्यात तक्रार नाही, फक्त "अर्जाची सद्यस्थिती कळवावी". मे महिन्यात एक त्रुटी निघाली, वापराच्या पत्त्याचा पुरावा आणि ओळखपत्रावरचा पत्ता जुळत नव्हता, तो दुरुस्त करून दिला आणि जूनच्या सुरुवातीला पत्र आलं. फी किरकोळ होती. या पत्राच्या प्रती काढून ठेवा, एक सेटसोबत, एक फाईलमधे, एक फोनमधे.

सेट परदेशातून मागवला त्यामुळे कस्टम्स आलंच. रेडिओ हा शब्द बघितला की पार्सल बाजूला पडतं हे गृहीतच धरा. पार्सलवर "जुना वापरलेला रिसीव्हर, छंदासाठी, ट्रान्समीटर नाही" असं लिहायला सांगितलं होतं, आत बिलाची प्रत, परवानगीची प्रत आणि तेच तांत्रिक पान. तरी पार्सल अडकलं, कागद पुन्हा मागितले, सगळे तयार होते म्हणून त्याच दिवशी पाठवता आले. खर्चाचं म्हणाल तर सेटपेक्षा वाहतूक आणि ड्युटी मिळून जास्त झालं. जड असतो हा, पत्र्याचा डबा आणि आत ट्रान्सफॉर्मर. त्यामुळे किंमत ठरवताना सेटची किंमत वेगळी आणि दारात येईपर्यंतची वेगळी असा हिशेब आधीच मांडा.

जुलैत पेटी उघडली. इथे सगळ्यांना घाई होते लगेच प्लग लावायची. नका लावू. पहिली गोष्ट, अमेरिकन सेट १२० व्होल्टचा असतो, जगात बऱ्याच ठिकाणी भिंतीत २२० ते २४० असतात, सरळ लावलात तर आतला ट्रान्सफॉर्मर गेला. दुसरी गोष्ट, चाळिशीकडे आलेल्या कुठल्याही यंत्रातले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर वाळलेले किंवा गळलेले असू शकतात, मग ते कुणीही बनवलेलं असो. मी भिंतीच्या विजेच्या वाटेला गेलेच नाही. मागे १३.८ व्होल्ट डीसीचं सॉकेट आहे, तिथून करंट लिमिट असलेल्या पॉवर सप्लायने सुरू केलं, लिमिट एक अँपिअरवर ठेवून. प्लस आत की बाहेर ते सॉकेटशेजारी छापलेलं असतं, ते वाचा आणि मीटरने आपल्या पिनवर तपासा, दोन्ही करा.

त्याआधी बॅटरीचा कप्पा. प्रो-२००४ ची मेमरी टिकवायला ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते, वीज गेली तरी ३०० चॅनेल तिच्या जोरावर जागेवर राहतात. मागच्या मालकाने ती कधी टाकली होती देव जाणे, कप्प्यात पांढरी पूड जमली होती. अल्कलाइन सेलमधून बाहेर येतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्कली, म्हणून आधी कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन पुसलं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा, मग पूर्ण वाळू दिलं. हातमोजे घाला. क्लिपची एक वायर आतून हिरवी पडली होती ती बदलली. जुना सेट घेताना विकणाऱ्याला पहिला फोटो या कप्प्याचा मागा, बाहेरून चकाचक दिसण्यापेक्षा याला जास्त अर्थ आहे.

पहिल्यांदा चालू केला तेव्हा डिस्प्ले आला, बीप आला आणि स्पीकरमधून घरघर. मला इतका आनंद झाला की मी काकांना फोन लावून नुसता तो आवाज ऐकवला. ते म्हणाले, "छान, आता बंद कर आणि कपॅसिटर बघ." सप्लाय डीसी होता तरी आवाजात एक जडपणा होता, व्हॉल्यूम फिरवला की खरखर, आणि कीपॅडचे तीन आकडे दाबले तरी लागत नव्हते. खरखरीचा उपाय सोपा, व्हॉल्यूम आणि स्क्वेल्च (सिग्नल नसताना घरघर गप्प करणारा) यांच्या फिरत्या बटणांमागच्या पॉटेन्शिओमीटरमधे कॉन्टॅक्ट क्लीनरचा अगदी थोडा फवारा आणि इकडून तिकडे बऱ्याचदा फिरवणं. कीपॅड खोलून रबराखालचे काळे कार्बनचे ठिपके आणि बोर्डवरचे पट्टे अल्कोहोलने हलक्या हाताने पुसले, घासायचं नाही, कार्बन निघून येतो. दोन आकडे लगेच परत आले, तिसऱ्याला पुन्हा एकदा साफ करावं लागलं.

कपॅसिटरचं काम ऑगस्टभर चाललं. मला सोल्डरिंग येतं पण मोठ्या बोर्डवर कधी केलं नव्हतं, म्हणून आधी एका भंगार बोर्डवर सराव केला. प्रत्येक कपॅसिटर काढण्याआधी फोटो, त्याची निगेटिव्ह बाजू मार्करने बोर्डवर, त्यावर छापलेला आकडा वहीत. एका वेळी एकच काढायचा आणि एकच लावायचा, सगळे एकदम काढायचे नाहीत. व्होल्टेज तेवढंच किंवा वरचं, तापमान १०५ अंशांचं. सगळेच बदलायची गरज नव्हती. ऑडिओ आणि पॉवर सप्लायच्या भागातले बदलले, बाकीचे ईएसआर मीटरने (कपॅसिटर किती वाळलाय ते दाखवणारा मीटर) तपासून राहू दिले. ट्यूनिंग कॉइल आणि छोटे ट्रिमर यांना स्क्रूड्रायव्हर लावू नका, कितीही हात शिवशिवला तरी. फॅक्टरीत मोजून बसवलेलं असतं ते, हलवलं की परत आणायला उपकरणं लागतात.

फ्रिक्वेन्सी सरकलीय का हे बघायची एक साधी युक्ती आहे. फ्रिक्वेन्सी पक्की माहीत असलेलं एक एफएम स्टेशन घ्या, म्हणजे हॅमचा रिपीटर (एका फ्रिक्वेन्सीवर ऐकून दुसरीवर पुन्हा जोरात पाठवणारं केंद्र) वगैरे, सेट अर्धा तास गरम होऊ द्या, मग नेमक्या फ्रिक्वेन्सीच्या ५ किलोहर्ट्झ वर आणि ५ किलोहर्ट्झ खाली ऐका. दोन्हीकडे आवाज सारखाच फाटत असेल तर मधलं बरोबर आहे. एका बाजूला स्वच्छ आणि दुसरीकडे फाटका असेल तर सरकलंय. माझा सरळ निघाला.

इथे एक गोष्ट जुन्या लेखांत वारंवार दिसेल ती सांगून टाकते. या मॉडेलमधे मोबाईलच्या फ्रिक्वेन्सी एका डायोडने बंद केलेल्या होत्या आणि तो कापायचे सल्ले त्या काळी खूप फिरले. मी हात लावला नाही. एक तर ते बेकायदेशीर, दुसरं म्हणजे तो ॲनालॉग मोबाईल आता उरलाच नाहीये, अमेरिकेतल्या कंपन्यांवरचं तो चालू ठेवण्याचं बंधनही फेब्रुवारी २००८ मधे संपलं. दुसऱ्याचं खाजगी बोलणं ऐकायला हा छंद नाहीच.

सप्टेंबर अँटेनात गेला. सोबतची टेलिस्कोपिक दांडी घरात वापरायची असेल तर ती पूर्ण उघडू नका, फ्रिक्वेन्सीप्रमाणे लांबी ठेवा. सूत्र सोपं आहे, ७५ भागिले मेगाहर्ट्झ म्हणजे मीटरमधे पाव तरंगलांबी. १२५ मेगाहर्ट्झच्या विमानांसाठी ६० सेंटीमीटर, १५७ च्या जहाजांसाठी ४८. नुसत्या या लांबीने फरक जाणवतो. पण खरा फरक पडला तो अँटेना बाहेर उंचावर नेल्यावर. मी डिस्कोन, म्हणजे वर चकती आणि खाली शंकूसारख्या दांड्या असलेली अँटेना लावली, ती फार जोरदार नाही पण रुंद रेंजला सारखी चालते आणि असल्या स्कॅनरला तेच हवं. केबल जितकी छोटी तितकी बरी. आणि वादळ-विजांच्या दिवसांत केबल सेटमधून काढून ठेवा.

घरातला आवाज हा वेगळाच विषय निघाला. चार्जर, एलईडी दिवे, राऊटर, सगळे थोडा थोडा कचरा हवेत टाकतात. सेट बनला तेव्हा घरात यातलं बहुतेक काही नव्हतं. शोधायची पद्धत म्हणजे सेट मागच्या डीसी सॉकेटमधून बाहेरच्या बॅटरीवर चालवायचा आणि घरातली एकेक वस्तू बंद करत जायची. आमच्याकडे मुख्य गुन्हेगार निघाला एक साधा फोन चार्जर. शिवाय जवळ जोरदार एफएम केंद्र असेल तर ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा तो मारा पूर्ण सेटला दाबून टाकतो, तिथे तेवढाच पट्टा अडवणारा एफएम नॉच फिल्टर लावा किंवा सगळेच सिग्नल कमी करणारा ॲटेन्युएटर वापरून बघा. आणि एखादी फ्रिक्वेन्सी कायम भरलेली दिसत असेल तर अँटेना काढून बघा. तरीही सिग्नल तसाच असेल तर तो बाहेरचा नाहीच, सेटच्या आत तयार झालेला आहे, त्याला बर्डी म्हणतात. सगळ्याच स्कॅनरमधे असतात. वहीत एक पान बर्डींचं करून टाका.

आता प्रोग्रॅमिंग, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यायची हीच जागा. बटणं दाबणं काही नाही, चॅनेल नंबर, प्रोग्रॅम, फ्रिक्वेन्सी, एन्टर, मग मोड बघायचा. ३०० चॅनेल एका दुपारी भरता येतात. पण नुसते भरून काय करणार? हा सेट जास्तीत जास्त वेगात सेकंदाला १६ चॅनेल बघतो, म्हणजे सगळे ३०० चालू ठेवले तर एक फेरी व्हायला जवळपास १९ सेकंद. वैमानिकाचं एक उत्तर दोन-तीन सेकंदांत संपतं. म्हणजे जितकं जास्त भराल तितकं कमी ऐकाल. हे कळल्यावर माझा सगळा विचारच बदलला. नवीन सेट किंवा कॉम्प्युटरवरचा एसडीआर (सॉफ्टवेअरने चालणारा रेडिओ) एका वेळी अख्खा पट्टा दाखवतो, तिथे निवडायची गरज पडत नाही. इथे आधी ठरवावं लागतं की आज कोणाला ऐकायचंय, ते कुठे बोलतात, कसे बोलतात, किती वेळ बोलतात. मी ऑक्टोबर पूर्ण वही घेऊन बसले होते आणि त्या महिन्यात रेडिओबद्दल जे शिकले ते आधीच्या कित्येक वर्षांत शिकले नव्हते.

पहिली बँक विमानांची, ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ, मोड एएम. इथे एफएम ठेवलंत तर नीट काही कळणार नाही. टॉवर, ग्राउंड, अप्रोच, आणि आणीबाणीची १२१.५. हवामानाची सतत चालणारी एटिस घोषणा मात्र स्कॅनमधे ठेवू नका, ती कधी थांबतच नाही आणि स्कॅनर तिथेच अडकून बसतो. तिला चॅनेल द्या पण लॉकआउट करून ठेवा, म्हणजे स्कॅन करताना सेट ते ओलांडून जातो, हवी तेव्हा हाताने लावा. अप्रोचचा कंट्रोलर तुम्हाला ऐकू येत नाही आणि फक्त वैमानिक ऐकू येतात असं झालं तर सेटमधे बिघाड नाहीये. १० हजार मीटरवरचं विमान जवळपास ४०० किलोमीटरवरून ऐकू येतं, जमिनीवरचा कंट्रोलर मात्र क्षितिजापलीकडे गेला की संपला. युरोपात ८.३३ किलोहर्ट्झचे चॅनेल आलेत आणि या सेटला तेवढी बारीक पायरी माहीत नाही, पण विमानात ११८.०१० म्हणतात ती खरी फ्रिक्वेन्सी ११८.००८३ असते, आपण ११८.०१० वरच लावायचं, फरक इतका कमी आहे की एएममधे स्वच्छ ऐकू येतं.

दुसरी बँक जहाजांची. चॅनेल १६ म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, बोलावण्याचा आणि संकटाचा. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, काही मरीन चॅनेल दुहेरी असतात, जहाज एका फ्रिक्वेन्सीवर बोलतं आणि किनारा ४.६ मेगाहर्ट्झ वरच्या. उदाहरणार्थ चॅनेल १ मधे जहाज १५६.०५० वर आणि किनारा १६०.६५० वर. एकच भरलीत तर अर्धाच संवाद. दोन्ही शेजारच्या चॅनेलमधे भरा आणि डिले चालू ठेवा, म्हणजे प्रश्न संपल्यावर स्कॅनर दोन सेकंद थांबतो. १६१.९७५ आणि १६२.०२५ वर जहाजांचा एआयएस डेटा असतो, स्पीकरवर नुसता फट-फट आवाज, ते लॉकआउट.

बाकीच्या बँकांबद्दल पटकन. तिसरी हॅमची, रिपीटरची फक्त आउटपुट फ्रिक्वेन्सी भरायची. चौथी २२५ ते ४०० मेगाहर्ट्झमधला एएम, म्हणजे लष्करी विमानांचा पट्टा, तिकडे काय ऐकणं चालतं ते आपल्या परवानगीत वाचून. पुढच्या काही बँका हंगामी. पोलीस, अग्निशमन वगैरेंच्या आशेने कुणी हा सेट घेणार असेल तर घेऊ नका, आता बऱ्याच ठिकाणी ते टेट्रा, पी२५ किंवा डीएमआरसारख्या डिजिटल पद्धतींवर गेलेत, वर एन्क्रिप्शन, या सेटवर फक्त गुरगुर येते. शिवाय बऱ्याच देशांत ते ऐकणं नियमात बसत नाही.

सर्च वापरून नवीन काही शोधायचं तर हद्द छोटी ठेवा. ११८ ते १३७ पूर्ण, १२.५ किलोहर्ट्झच्या पायरीने, म्हणजे १५२० पायऱ्या, सेकंदाला १६ धरल्या तरी दीड मिनिटापेक्षा जास्त. त्याऐवजी एकेक मेगाहर्ट्झचा तुकडा घेऊन संध्याकाळभर बसलं तर सापडतं. साउंड स्क्वेल्च नावाचं एक बटण आहे ते इथे फार कामाचं, नुसता कॅरिअर (आवाज वाहून नेणारी मूळ लहर) असलेले आणि आवाज नसलेले सिग्नल ते ओलांडून जातं.

नोव्हेंबरमधे मी ज्याची वाट बघत होते ते केलं, आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक. त्यावर हॅम रेडिओ आहे. १४५.८ मेगाहर्ट्झवर आवाज आणि कधीकधी चित्रांचे सिग्नल येतात आणि ४३७.८ वर रिपीटरचा डाउनलिंक (खाली येणारा सिग्नल), वेळापत्रक आधी बघून ठेवायचं. स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने जातं त्यामुळे डॉप्लर परिणाम होतो, म्हणजे ऐकू येणारी फ्रिक्वेन्सी सरकते. १४५.८ वर तो साधारण साडेतीन किलोहर्ट्झ, एनएफएमचा फिल्टर तेवढं सांभाळून घेतो, काही करावं लागत नाही. पण ४३७.८ वर तो १० किलोहर्ट्झपर्यंत जातो आणि आवाज फाटतो. इथे प्रोग्रॅमेबल असण्याचा खरा उपयोग झाला. मी पाच चॅनेल ओळीने भरले, ४३७.८१०, ४३७.८०५, ४३७.८००, ४३७.७९५, ४३७.७९०. स्थानक येताना फ्रिक्वेन्सी वर सरकलेली असते, जाताना खाली, म्हणून वरच्या चॅनेलवर सुरू करायचं आणि पास पुढे जाईल तसं हाताने एकेक खाली उतरायचं. सात-आठ मिनिटांचा पास. पहिलं एक-दीड मिनिट फक्त सूं सूं आवाज, मग एक कॉलसाइन, मग दुसरा, मग तिसऱ्याने दोघांना शुभेच्छा दिल्या. तिघं तीन वेगळ्या ठिकाणांहून बोलत होते, डोक्यावर चारशे किलोमीटरवरून त्यांचा आवाज परत खाली येत होता, आणि तो माझ्या हाताने साफ केलेल्या कीपॅडच्या सेटमधून मी ऐकत होते. मी रडले थोडी, सांगायला हरकत नाही.

डिसेंबरमधे उरलेली साफसफाई. सगळ्या बँका वहीत पुन्हा उतरवल्या, चॅनेल, फ्रिक्वेन्सी, मोड, लॉकआउट आहे का, आणि वहीचे फोटो काढून ठेवले, कारण या सेटमधून याद्या बाहेर काढायचा दुसरा कुठलाही मार्ग नाही. ९ व्होल्टची नवीन बॅटरी टाकली आणि तिच्यावर तारीख लिहिली. ती बदलताना सेट विजेवर चालू असताना बदला, नाहीतर एका क्षणात सगळे ३०० चॅनेल कोरे. परवानगीच्या नूतनीकरणाची तारीख त्याच वहीच्या पहिल्या पानावर आहे.

दहावी बँक मुद्दाम रिकामी ठेवलीय, सर्चमधे नवीन काही सापडलं की ते आधी तिथे जातं, आठवडाभर ऐकून कोण आहे ते कळलं तरच योग्य त्या बँकेत हलवते. सध्या तिथे १२० च्या आसपासची एक फ्रिक्वेन्सी आहे, रोज सकाळी एकच माणूस थोडंसं बोलून गप्प होतो, एएममधे, अगदी क्षीण. डिस्कोन अजून दोन मीटर वर नेली तर बहुतेक कळेल, त्यासाठी खांब आणि ताणाच्या तारा आणायच्यात, आणि उंची बदलली की खात्याला कळवायचं असतं म्हणून तो अर्ज कालच भरून पाठवलाय.